निर्दोष सुटल्याची बातमी कुठे आहे?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्या मुलाला २०१७ मध्ये एका गुन्ह्यात अटक झाली. दुसऱ्याच दिवशी तीन-चार न्यूज पोर्टलवर त्याचा फोटो, वडिलांचे नाव, मोहल्ल्याचे नाव असे सगळे आले. सात वर्षे तारखा चालल्या. २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. सरकारने अपीलही केले नाही. या निकालाची बातमी मात्र कोणी दिली नाही. आता धाकट्या मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली, की मुलाकडचे कोणीतरी मोबाईलवर गाव आणि आडनाव टाकून बघते. चार दिवसांनी निरोप येतो, "इस्तिखाऱ्यात बरे दिसले नाही." भगिनी विचारतात, "कोर्टाने सोडले, पण मोबाईल सोडत नाही. या बातमीवाल्यांकडून नुकसानभरपाई मागता येईल का?"

अशी पत्रे आम्हाला अधूनमधून येतात, म्हणून या महिन्याचे सदर याच प्रश्नाला देत आहोत. थोडक्यात उत्तर असे की भरपाई मागता येते, मिळणे अवघड आहे, आणि मागण्याची मुदत बहुतेकांच्या हातून नकळत निघून जाते. पण भरपाईच्या अलीकडे एक मागणी आहे, जी आजही करता येते आणि जिला फारसा खर्च नाही. ती म्हणजे बातमीला तिचा शेवट जोडा, ही मागणी.

आधी एक गल्लत दूर करू. खोट्या खटल्याबद्दल सरकारकडून मिळणारी भरपाई वेगळी आणि बातमीने झालेल्या नुकसानीची भरपाई वेगळी. पहिलीची उदाहरणे आपण ऐकतो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या हेरगिरी प्रकरणात गोवले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना ५० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पण हा रस्ता सरळ नाही. हैदराबादच्या मक्का मशीद स्फोटानंतर पकडलेल्या आणि पुढे निर्दोष सुटलेल्या तरुणांना आंध्र प्रदेश सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये दिले होते. तो आदेश उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. अक्षरधाम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सहा जणांना निर्दोष सोडले, पण भरपाईसाठी केलेला त्यांचा अर्ज २०१६ मध्ये तिथेच नाकारला गेला. या साऱ्या मागण्या सरकारकडे होत्या. वर्तमानपत्र, वाहिनी किंवा पोर्टल यांच्याकडून पैसे मागायचे, तर त्यासाठी दिवाणी न्यायालयात बदनामीचा दावा लावावा लागतो, आणि तिथले नियम निराळे आहेत.

खटल्यांच्या बातम्या कायद्याच्या नजरेने पाहिल्या तर तीन प्रकारच्या असतात.

पहिला प्रकार सरळ चुकीच्या बातमीचा. माणूस दुसराच, फोटो दुसऱ्याचाच. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष पी. बी. सावंत यांचा फोटो 'टाइम्स नाऊ' या वाहिनीने २००८ मध्ये गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत दाखवला. बातमी कोलकात्याच्या एका न्यायमूर्तींबद्दल होती, त्यांचे आडनाव उच्चाराला जवळचे होते. फोटो पडद्यावर काही सेकंदच राहिला. सावंत साहेबांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला आणि २०११ मध्ये त्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांचा हुकूमनामा दिला. अपील ऐकण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने वाहिनीला २० कोटी रुपये जमा करायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. ही गोष्ट टीव्हीची असली तरी न्यूज पोर्टलला बदनामीचा कायदा तोच लागू होतो. मात्र इथे चूक उघड होती आणि फिर्यादी कायद्यातले जाणकार होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रकार आरोपाला गुन्हा ठरवणाऱ्या बातमीचा. "अमुक गुन्ह्याच्या संशयावरून तरुणाला अटक" हे वाक्य आणि "अमुक गुन्हा करणारा नराधम सापडला" हे वाक्य कायद्याला एकसारखे नाही. पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट सांगितली आहे, दुसऱ्यात बातमीदाराने स्वतःच निकाल देऊन टाकला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वाहिन्यांच्या वार्तांकनावर निकाल देताना, तपास चालू असताना केलेल्या अशा 'मीडिया ट्रायल'मुळे न्यायदानात ढवळाढवळ होते, असे स्पष्ट केले आणि काय दाखवू नये याची यादीच दिली. अशा बातमीवर दावा उभा राहू शकतो, पण बातमीतला एक-एक शब्द तपासावा लागतो.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि कायद्याच्या चिमटीत सापडत नाही. बातमी त्या दिवशी खरी होती. अटक झाली होती, आरोपपत्र दाखल झाले होते, पोलिसांनी न्यायालयात तसे म्हटले होते. न्यायालयाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत देणे ही बदनामी नव्हे, असा अपवाद जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये कायम आहे. खटल्याची सुरुवात छापली आणि शेवट छापला नाही, याला आपल्या कायद्यात बदनामी म्हणत नाहीत. आमच्या भगिनीचे दुखणे मुख्यतः हेच आहे.

आता मुदतीकडे येऊ. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे परिशिष्ट काढून पाहिले, तर तीन अनुच्छेद एकाखाली एक दिसतात. अनुच्छेद ७३ बेकायदा डांबून ठेवल्याच्या भरपाईचा आहे. मुदत एक वर्ष, आणि ते वर्ष सुटका झाल्यापासून मोजायचे. अनुच्छेद ७४ द्वेषबुद्धीने भरलेल्या खटल्याच्या भरपाईचा आहे. मुदत एक वर्ष, निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला संपल्यापासून. अनुच्छेद ७५ लेखी बदनामीच्या भरपाईचा आहे. मुदत पुन्हा एक वर्ष, पण ते मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून मोजायचे.

म्हणजे पोलिसांविरुद्ध किंवा खोट्या फिर्यादीविरुद्ध दावा लावायचा, तर घड्याळ सुटकेनंतर सुरू होते. बातमीविरुद्ध लावायचा, तर ते अटकेच्या दुसऱ्या दिवशीच सुरू होते. २०१७ च्या बातमीची मुदत २०१८ मध्ये संपली. त्या वर्षी हे घर जामिनासाठी धावत होते, वकिलाची फी जमवत होते. आणि दावा लावला असता, तरी मुलगा निर्दोष आहे हे तेव्हा कशावर सिद्ध करणार होते? ज्या कागदावर ते सिद्ध व्हायचे, तो कागद सात वर्षांनी हातात आला.

कोणी म्हणेल, बातमी आजही पोर्टलवर दिसते, मग बदनामी रोज नव्याने होते असे का धरू नये? हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. २०१३ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की इंटरनेटवरच्या मजकुराची मुदतही तो पहिल्यांदा टाकला तेव्हापासून मोजायची, तो तिथे पडून राहिला म्हणून रोज नवी मुदत मिळत नाही. तोच मजकूर नव्या वाचकांसाठी पुन्हा प्रसिद्ध केला, तर मात्र गोष्ट वेगळी. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारक नाही, पण समोरचा वकील तो पुढे करणारच. म्हणून आमच्या भगिनीला आम्ही खोटी आशा दाखवू शकत नाही. मुलगा सुटल्यानंतरही एखाद्या पोर्टलने त्याला पुन्हा गुन्हेगार म्हणून छापले असेल, तर त्या नव्या बातमीवर एका वर्षाच्या आत दावा लावता येईल. २०१७ च्या बातमीसाठी पैशाचा दावा आता टिकणे फार कठीण आहे.

दिवाणी दाव्याखेरीज इतर दरवाजे आहेत का? आहेत, पण त्यातून भरपाई घरापर्यंत पोचत नाही. प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, त्याची निंदा करू शकते, पैसे द्यायला लावू शकत नाही. वाहिन्यांची स्वतःची नियमन संस्था दंड करू शकते, भरपाई देववू शकत नाही. २०१८ मध्ये कठुआच्या अत्याचारग्रस्त बालिकेची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. ती रक्कम जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही दंड मोठे आहेत, पण ते सरकारच्या तिजोरीत जमा होतात. फौजदारी तक्रारीत बदनामी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते, पण तिचा हेतू शिक्षेचा आहे, नुकसान भरून काढण्याचा नाही.

तबलिगी जमातीचे प्रकरण आपल्याला आठवतच असेल. मार्च २०२० नंतर काय काय दाखवले गेले, ते प्रत्येक घराने पाहिले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले २९ परदेशी पाहुण्यांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता दिसते, असेही खंडपीठाने नोंदवले. गुन्हे रद्द झाले, पण बातम्यांची भरपाई हा त्या प्रकरणाचा विषयच नव्हता. त्या दिवसांतले व्हिडिओ आजही शोधले तर सापडतात.

मग नाव पुसण्याचा मार्ग? यावर न्यायालयांचे एकमत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितले. त्याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचा जुना निकाल गुगलच्या शोधात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशाच एका माणसाचे नाव निकालातून झाकायला सांगितले, पण जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न्यायालयाचे कामकाज सर्वांसाठी खुले असते, या तत्त्वाला अधिक वजन दिले. युरोपात परिस्थिती थोडी पुढे आहे. तिथल्या न्यायालयाने २०१४ मध्ये एका स्पॅनिश नागरिकाच्या बाजूने निकाल देताना सांगितले की जुनी, गैरलागू झालेली माहिती वृत्तपत्राच्या संग्रहात राहिली, तरी माणसाच्या नावाने शोधल्यावर ती गुगलने दाखवू नये. पण तिथेही भरपाई सहज मिळत नाही. लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका व्यावसायिकाच्या जुन्या शिक्षेच्या बातम्यांचे दुवे काढायला लावले, पैसे मात्र दिले नाहीत.

काही नावांबाबत कायदा आजही अगदी स्पष्ट आहे, ते इथे नोंदवून ठेवतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाचे नाव, शाळा, पत्ता, फोटो छापायला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. अटकेच्या वेळी मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर त्याचे नाव तिथे असायलाच नको होते. ते काढून टाकण्याची मागणी लगेच करावी.

आता आमच्या भगिनीने आणि तशा प्रत्येक घराने काय करावे, ते क्रमाने सांगतो.

न्यायालयाच्या नक्कल विभागातून निकालाची प्रमाणित नक्कल काढावी आणि तिच्या चार-पाच झेरॉक्स घरात ठेवाव्यात. जिथे जिथे बातमी दिसते, त्या प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावा आणि पूर्ण पत्ता वहीत उतरवून ठेवावा. बातमी पुढे काढली गेली, तरी पुरावा आपल्याकडे राहतो. असा पुरावा न्यायालयात द्यायचा असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकडून तयार करून घ्यावे.

त्यानंतर संपादकाला पत्र लिहावे. रागाचे पत्र नको, धमकीचे नको. इतके पुरेसे आहे: "आपल्या पोर्टलवर अमुक तारखेला माझ्याविषयी बातमी प्रसिद्ध झाली. अमुक सत्र न्यायालयाने अमुक तारखेला मला निर्दोष मुक्त केले आहे. निकालाची नक्कल सोबत जोडली आहे. कृपया बातमीच्या मथळ्यात आणि सुरुवातीला हा निकाल नोंदवावा. माझा फोटो व कुटुंबीयांची नावे काढावीत. केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी." हे पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टाने, दोन्ही प्रकारे पाठवावे. यूट्यूब किंवा फेसबुकवर व्हिडिओ असेल, तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत तक्रारीची पोच आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

संपादक दाद देत नसेल, तर वकिलामार्फत नोटीस आणि त्यानंतर उच्च न्यायालयात रिट अर्ज हा मार्ग आहे. तो खर्चाचा आहे, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचा निकाल आज निश्चित सांगता येत नाही. सल्ल्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. बदनामीच्या दाव्यासाठी वकील मिळेल का, हे तिथेच विचारून घ्यावे.

ज्यांच्या घरात खटला आज चालू आहे, त्यांना आमचे वेगळे सांगणे आहे. बातमी आली त्याच आठवड्यात ती जपून ठेवा आणि एखाद्या दिवाणी वकिलाला दाखवा. तिच्यात आरोपाला गुन्हा म्हटले असेल, तर वर्ष संपण्याच्या आत काय करायचे ते ठरवा. रिश्ता मोडल्याचे, नोकरी गेल्याचे, दुकानाचे गिऱ्हाईक तुटल्याचे जे काही लेखी असेल, ते सांभाळा. भरपाई भावनेवर ठरत नाही, कागदावर ठरते. आणि संतापाच्या भरात कोटींचा आकडा लिहू नका. कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात लागते.

सरकारकडे आणि लोकप्रतिनिधींकडे मागायच्या गोष्टी दोनच आहेत. खटल्याच्या बातमीपुरते तरी मुदतीचे वर्ष निर्दोष सुटल्यापासून मोजले जावे, जसे अनुच्छेद ७४ मध्ये मोजले जाते. आणि निकालाची नक्कल मिळाल्यावर ठरावीक दिवसांत तो निकाल जुन्या बातमीत नोंदवणे प्रत्येक पोर्टलला बंधनकारक व्हावे. तसे केले नाही, तर भरपाई द्यावी लागावी.

बातम्या पुसून टाका, असे आम्ही म्हणत नाही. न्यायालयात बातमीदार बसतो, म्हणूनच कितीतरी खोटे खटले जगापुढे आले आहेत. उद्या कोर्टाच्या बातम्याच बंद झाल्या, तर सर्वांत जास्त नुकसान गरिबाच्या मुलाचे होईल. तेव्हा बातमी राहू द्या, पण पूर्ण राहू द्या.

शेवटी थोडे आपल्या घराबद्दल. अटकेची बातमी मोहल्ल्याच्या ग्रुपवर कोणी टाकली होती? बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणीतरी. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची आधी खातरजमा करण्याची ताकीद आहे, हे जुम्याच्या बयानात आपण अनेकदा ऐकले आहे. ज्या ग्रुपवर अटकेची बातमी फिरली, त्याच ग्रुपवर निर्दोष सुटल्याची बातमी टाकायला ना वकील लागतो ना कोर्ट फी.

आणि ज्यांच्या घरी रिश्त्याची बोलणी चालू आहेत, त्यांनी मोबाईलवर जरूर बघावे. मुलगी द्यायची किंवा आणायची म्हणजे चौकशी करावीच लागते. पण एखादी जुनी बातमी दिसली, तर इस्तिखाऱ्याचे नाव पुढे करण्याआधी समोरच्या घराला सरळ विचारावे, "खटल्याचे पुढे काय झाले? निकालाची नक्कल बघायला मिळेल का?" ज्या घराने सात वर्षे त्या निकालाची वाट पाहिली, ते घर ती नक्कल आनंदाने हातात देईल.